हिवाळ्यातील वातानुकूलन : रिमोटवरील चिन्हे आणि त्यांचा अर्थ

बँकेच्या नोकरीत बदली अटळ असते. कोल्हापूर अथवा रत्नागिरी येथे वाढलेला अधिकारी पदोन्नतीबरोबर दिल्लीस किंवा चंदीगडला रुजू होतो, तेथील मे-जूनचा उन्हाळा कसाबसा सोसतो आणि उत्तरेकडील हवामानाची आपल्याला पुरती ओळख झाली अशी त्याची समजूत होते. खरी ओळख डिसेंबरच्या अखेरीस होते. सूर्य दिवसचे दिवस धुक्याआड राहतो, रात्रीचे तापमान चार-पाच अंशांवर उतरते आणि वारा खेळावा म्हणून बांधलेल्या उंच छताच्या घरात फरशीवर पाऊल ठेववत नाही. घरात वृद्ध आई-वडील अथवा तान्हे मूल असल्यास हा केवळ सोयीचा प्रश्न उरत नाही.

मग ऊब आणण्याचे उपाय सुरू होतात. लालबुंद तारेचा हीटर, गरम हवा फेकणारा ब्लोअर, तेल भरलेला रेडिएटर असे एकेक साधन घरात येते. काही ठिकाणी कोळशाची अंगीठीही पेटते. बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्या माणसांना सकाळ दिसली नाही, अशा बातम्या उत्तर भारतातील वृत्तपत्रांत जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात येतात. कोळसा अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

विरोधाभास असा की, यांपैकी कित्येक घरांत भिंतीवर एक वातानुकूलन यंत्र असते, ते खोलीत काहीही न जाळता ऊब देण्यास समर्थ असते, आणि ऑक्टोबरपासून ते स्वस्थ पडून असते. एखाद्या रात्री कोणीतरी धीर करून रिमोटवरील सूर्याचे चिन्ह निवडतो. तीन-चार मिनिटे हवाच येत नाही. अधीर होऊन तापमानाचा आकडा ३० वर नेला जातो. मग ऊब येते, परंतु ती छताजवळच घुटमळते. तासाभराने आतील पंखा अचानक थांबतो, सज्जातील युनिटमधून पांढरा धूर निघाल्यासारखा दिसतो आणि घाबरून मुख्य स्विच बंद केला जातो. दुसऱ्या दिवशी तारेचा हीटर पुन्हा खोलीत येतो. वस्तुतः त्या रात्री यंत्रात कोणताही बिघाड झालेला नसतो. घडलेल्या प्रत्येक गोष्टीला कारण असते, आणि ते कारण कळले की रिमोटवरील कोणते बटण कधी दाबावे हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

मोट आणि बैल

तारेचा हीटर विजेचे उष्णतेत रूपांतर करतो. एक युनिट वीज दिली की एक युनिट उष्णता मिळते. याहून अधिक देणे त्याला शक्य नाही. हीट पंप या नावाने ओळखले जाणारे यंत्र मात्र उष्णता निर्माण करीत नाही, ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहून नेते. विहिरीवरील मोट ओढणारे बैल पाणी निर्माण करीत नाहीत, खालचे पाणी वर आणतात, तसेच हे आहे. उन्हाळ्यात खोलीतील उष्णता बाहेर टाकली जाते, हिवाळ्यात बाहेरची उष्णता खोलीत आणली जाते. यंत्र तेच, कॉम्प्रेसर तोच. केवळ शीतक वायूच्या प्रवाहाची दिशा पालटणारी एक झडप मध्ये बसविलेली असते.

बाहेर गारठा असताना तेथून उष्णता कशी आणता येईल, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु पाच अंशांची हवा आपल्याला गार वाटली, तरी उणे २७३ अंशांच्या निरपेक्ष शून्यापासून ती फार वर आहे. तिच्यात भरपूर उष्णता शिल्लक असते. अलीकडील अनेक यंत्रांत वापरला जाणारा आर-३२ हा शीतक वातावरणाच्या साध्या दाबाखाली उणे ५२ अंशांच्या सुमारास उकळतो. बाहेरील युनिटच्या नळ्यांत दाब योग्य तेवढा कमी ठेवला की पाच अंशांची हवादेखील या द्रवाला उकळविण्यास पुरेशी ठरते. हवेतून उष्णता शोषून तयार झालेली वाफ कॉम्प्रेसर दाबतो, दाबामुळे ती तापते आणि आतील युनिटमध्ये पुन्हा द्रवरूप होताना आपली उष्णता खोलीस देते.

कल्पना जुनी आहे. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले विल्यम थॉमसन यांनी १८५२ साली दाखवून दिले होते की, इंधन थेट जाळण्यापेक्षा त्यावर यंत्र चालवून बाहेरील हवेची उष्णता आत आणल्यास इमारत कमी इंधनात उबदार ठेवता येईल. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे नगरसभागृहासाठी १९३८ च्या सुमारास लिम्माट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारी अशी यंत्रणा कार्यान्वित झाली. आपल्याकडे हीच गोष्ट ‘हॉट अँड कोल्ड’ या नावाने दुकानांतून मिळते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. याच नावाखाली काही यंत्रांत निव्वळ तापणारी तार बसविलेली असते, आणि केवळ थंडावा देणाऱ्या यंत्राबरोबर मिळालेल्या रिमोटवरही सूर्याचे चिन्ह असू शकते, कारण कंपन्या अनेक मॉडेल्ससाठी एकच रिमोट वापरतात. खरी माहिती युनिटवरील पट्टीवर असते. तेथे थंडाव्याच्या क्षमतेबरोबर तापविण्याची क्षमता स्वतंत्रपणे दिलेली असावी, आणि ती क्षमता त्यासाठी लागणाऱ्या विजेच्या आकड्याच्या सुमारे तिप्पट वा अधिक असावी. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील, तर तो हीटरच होय.

हिशेब मांडून पाहणे बँकेच्या वाचकांना आवडेल. दोन हजार वॅटचा हीटर रोज पाच तास चालल्यास दिवसाला १० आणि महिन्याला ३०० युनिट वीज लागते. तेवढीच उष्णता हीट पंपाने तिप्पट लाभाने आणल्यास १०० युनिट पुरतात. केवळ हिशेबासाठी दर ८ रुपये धरला, तर २,४०० रुपयांच्या जागी ८०० रुपये खर्च येतो. अडीच महिन्यांच्या हिवाळ्यात ४,००० रुपये वाचतात. साध्या यंत्रापेक्षा हे यंत्र समजा १०,००० रुपयांनी महाग असेल, तर जादा रक्कम अडीच हिवाळ्यांत वसूल होते. हाच हिशेब पुण्यातील वा ठाण्यातील ग्राहकाने मांडल्यास उत्तर वेगळे येईल. वर्षातून दहा-पंधरा रात्रींच्या गारठ्यासाठी हा खर्च करणे व्यवहार्य नाही. तेथे चांगली दुलई पुरेशी आहे.

आणखी एक गोष्ट खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावी. यंत्रावरील ताऱ्यांचे लेबल ज्या निर्देशांकावर आधारलेले आहे, तो थंडाव्याची कार्यक्षमता मोजतो. पाच तारे पाहून हिवाळ्यातील कामगिरीचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी माहितीपत्रकातील तापविण्याची क्षमता आणि यंत्र ज्या किमान बाह्य तापमानापर्यंत काम करते तो आकडा पाहावा लागतो. दिल्ली-लखनौसाठी हा आकडा सहसा अडचणीचा ठरत नाही. लेह येथे मात्र जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली दहा अंशांहूनही उतरतो, आणि मैदानी प्रदेशासाठी बनविलेले यंत्र तेथे कामाचे नाही.

आकडा म्हणजे जोर नव्हे

रिमोटवरील तापमानाच्या आकड्याविषयीचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. स्कूटरचा कान पिळावा त्याप्रमाणे आकडा वाढविला की यंत्र अधिक जोराने काम करील, अशी समजूत असते. प्रत्यक्षात तो आकडा म्हणजे कोठे थांबावे याची सूचना असते. बारा अंशांच्या खोलीत २१ सांगितले काय आणि ३० सांगितले काय, सुरुवातीस यंत्र आपल्या पूर्ण क्षमतेनेच चालते. फरक पुढे पडतो. २१ सांगितलेले यंत्र २१ अंशांजवळ येताच आपला वेग उतरविते आणि अल्प विजेत ती पातळी सांभाळते. इन्व्हर्टर प्रकारच्या यंत्राचे वैशिष्ट्य हेच की, त्याच्या कॉम्प्रेसरची गती गरजेप्रमाणे कमी-अधिक होते. ३० सांगितलेले यंत्र मात्र रात्रभर धापा टाकत राहते आणि घरातील माणसे पहाटे पांघरूण भिरकावून खिडकी उघडतात.

मोटेचा दृष्टांत येथेही लागू पडतो. विहीर जितकी खोल, तितके बैलांचे कष्ट अधिक. बाहेरील आणि आतील तापमानांतील अंतर म्हणजे या विहिरीची खोली. हिवाळ्यात २० ते २२ अंश आणि उन्हाळ्यात २४ ते २६ अंश ही मांडणी बहुतेक निरोगी माणसांना मानवते. हिवाळ्यात अंगात स्वेटर आणि उन्हाळ्यात डोक्यावर मंद पंखा असावा. वृद्ध व लहान मुलांच्या खोलीत हिवाळी आकडा एक-दोन अंशांनी वाढविण्यास हरकत नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते उन्हाळ्यात आकडा एका अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून ताऱ्यांचे लेबल असलेल्या खोलीच्या वातानुकूलन यंत्रांत मूळ मांडणी २४ अंशांची असावी, असा नियम केंद्र सरकारने लागू केला तो याच कारणास्तव. जून २०२५ मध्ये तर आकड्याची मर्यादाच २० ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवण्याचा मनोदय केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी बोलून दाखविला.

तरीही एक तक्रार उरते. रिमोट २२ दाखवितो, टेबलावरील तापमापी मात्र १८. यात लबाडी कोणाचीच नसते. तापमान मोजणारा संवेदक आतील युनिटमध्ये, म्हणजे छताजवळ असतो, आणि गरम हवा हलकी असल्याने वर जमते. माणूस बसतो खाली, यंत्र मोजते वर. अनेक यंत्रांत तापमान रिमोटच्या ठिकाणी मोजण्याची सोय असते. ती असल्यास निवडावी आणि रिमोट बसण्याच्या जागेजवळ, परंतु ऊन अथवा थेट झोत लागणार नाही असा ठेवावा. सोय नसल्यास साधी तापमापी उशाशी ठेवून, यंत्राच्या आकड्यात दोन-तीन अंशांची भर घालून पाहावी. हा आकडा ३० वर नेण्याहून वेगळा प्रकार आहे, कारण येथे निर्णय तापमापी पाहून होतो.

झोताच्या पट्ट्यांची दिशा या दुखण्यावरचा अर्धा उपाय आहे. थंड हवा जड असते, ती आपोआप खाली येते. म्हणून उन्हाळ्यात पट्ट्या आडव्या वा किंचित वर असाव्यात. हिवाळ्यात त्या पूर्णपणे खाली, फरशीकडे वळवाव्यात. बहुतेक घरांत उन्हाळ्यातील मांडणी तशीच राहते आणि सारी ऊब कोळिष्टकांना मिळते. पंख्याचा वेग ‘ऑटो’वर ठेवणे इष्ट. छताचा पंखा अगदी मंद गतीने चालविल्यास वरची ऊब खाली मिसळते, ही सूचना उत्तरेकडील घरांत प्रथम हास्यास्पद वाटते. एकदा करून पाहिल्यावर वाटत नाही.

थांबलेला पंखा, निघणारी वाफ

सूर्याचे चिन्ह निवडल्यावर पहिली काही मिनिटे हवा येत नाही, कारण आतील नळ्या तापण्यापूर्वी पंखा सुरू झाल्यास अंगावर गार झोत येईल. यंत्र तो मुद्दाम थोपवून धरते. त्यातच, नुकतेच बंद केलेले यंत्र पुन्हा सुरू केल्यास कॉम्प्रेसर सुमारे तीन मिनिटे विश्रांती घेतो. या काळात बटणे दाबत राहिल्याने काहीही लवकर होत नाही.

धूर वाटणारी गोष्ट अधिक रंजक आहे. बाहेरील नळ्या हवेतून उष्णता घेताना हवेहूनही थंड होतात. धुक्याच्या रात्री, बाहेर चार-पाच अंश असतानाही, त्यांचे तापमान शून्याखाली जाते आणि हवेतील दमटपणा त्यांवर हिम होऊन बसतो. हिमाचा थर जाड झाला की हवा आत शिरत नाही. म्हणून यंत्र अधूनमधून आपली झडप उलटविते, काही मिनिटांपुरती खोलीतील थोडी उष्णता बाहेर पाठवून हिम वितळविते आणि पुन्हा मूळ कामास लागते. या अवधीत आतील पंखा थांबतो, आत सूं-सूं असा आवाज येतो, बाहेर वाफेचे लोट उठतात आणि पाणी ठिबकते. मुख्य स्विच बंद करणे हाच या वेळी एकमेव चुकीचा उपाय आहे, कारण हिम तसेच राहते. हा प्रकार दर अर्ध्या तासाहून अधिक वेळा घडू लागला किंवा नळ्या बर्फाने कायमच्या मढल्या, तर मात्र गॅस कमी झाला असण्याचा संभव असतो आणि तंत्रज्ञास बोलवावे. बाहेरील युनिटखाली ठिबकलेल्या पाण्याला वाट ठेवावी. शिमला-मसुरीसारख्या ठिकाणी ते रात्रीत गोठते, म्हणून युनिट जमिनीपासून पुरेसे उंच बसवितात.

हिमकण हे थंडाव्याचे चिन्ह सर्वांना ठाऊक असते. थेंबाचे चिन्ह हवा कोरडी करण्यासाठी असते, आणि ते मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात जितके उपयोगी, तितकेच चंदीगडच्या जानेवारीत निरुपयोगी, कारण ती मुळात थंडाव्याचीच एक सौम्य रीत आहे. चंद्राचे चिन्ह झोपेसाठी. ते हिवाळ्यात आकडा हळूहळू उतरविते व उन्हाळ्यात चढविते. ‘ऑटो’ या पर्यायाविषयी मात्र जपून राहावे. त्यात थंडावा की ऊब हे यंत्र स्वतः ठरविते. फेब्रुवारीच्या अखेरीस, दुपारी ऊन आणि रात्री गारठा अशा दिवसांत, दुपारी तापलेल्या खोलीत ते थंडावा सुरू करते आणि ऊब मिळावी म्हणून यंत्र लावून झोपलेल्या आजोबांना सर्दी होते. ऋतू कोणता आहे हे माणसानेच सांगितलेले बरे.

शाखेतील यंत्रणा

मोठ्या शाखांत आणि प्रशासकीय कार्यालयांत एकाच बाह्य युनिटाला अनेक आतील युनिटे जोडलेली असतात. सर्वसाधारणपणे अशी यंत्रणा दोन नळ्यांची असते, आणि तिची मर्यादा अशी की एका वेळी सर्व खोल्यांना ऊब अथवा सर्व खोल्यांना थंडावा, एवढेच तिला जमते. दक्षिणेकडील काचेच्या दालनात ऊन घेत बसलेल्या व्यवस्थापकांनी हिमकणाचे चिन्ह निवडले आणि उत्तरेकडील काउंटरवरच्या रोखपालाने सूर्याचे, तर एकाची विनंती अमान्य होते. कोणाची, हे यंत्रणेच्या मांडणीवर अवलंबून असते. काहींत जो प्रथम सुरू करील त्याचे चालते, काहींत एक युनिट मुख्य नेमलेले असते. उरलेल्या पॅनेलवर केवळ प्रतीक्षेचे चिन्ह दिसते, आणि ‘आमचा एसी बिघडला’ अशी तक्रार नोंदविली जाते. तंत्रज्ञ येतो, काहीही न करता जातो, आणि भेटीचे शुल्क आकारतो. यंत्रणा बसविणाऱ्यास मुख्य युनिट कोणते आहे हे विचारून तेथे चिकटपट्टीवर लिहून ठेवले, तर असे कित्येक खर्च वाचतील. ते मुख्य युनिट ग्राहकांच्या दालनातील असावे हे उचित. खिडकीशी पेन्शनसाठी उभे असलेले वयोवृद्ध ग्राहक दालनातील अधिकाऱ्यांपेक्षा थंडीने अधिक गांजलेले असतात.

याच मर्यादेतून एक गंभीर चूक संभवते. संगणकाचा सर्व्हर, यूपीएस आणि त्याच्या बॅटऱ्या ज्या खोलीत असतात, तिला बाराही महिने थंडावाच लागतो. लेड-ॲसिड बॅटऱ्यांचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते. त्या खोलीचे युनिट जर शाखेच्या सामाईक यंत्रणेवर जोडलेले असेल, तर डिसेंबरमध्ये कोणी संपूर्ण शाखा सूर्याच्या चिन्हावर नेताच सर्व्हरच्या खोलीत थंडावा बंद होतो, प्रसंगी ऊबही जाऊ लागते. सकाळी दहा वाजता काउंटरसमोर रांग आणि संगणक मात्र मूक, असा प्रसंग यातून ओढवू शकतो. त्या खोलीस स्वतंत्र, केवळ थंडावा देणारे यंत्र असणे हाच मार्ग होय. एटीएमच्या खोलीस हाच नियम लागू आहे.

मध्यवर्ती नियंत्रक असलेल्या कार्यालयांत आकड्यांच्या सीमा बांधून देता येतात. थंडाव्यासाठी २४ च्या खाली नाही, उबेसाठी २२ च्या वर नाही, आणि कामकाज संपल्यानंतर सर्व युनिटे आपोआप बंद, एवढ्या तीन सूचना पुरतात. ज्या ठिकाणी यंत्रणा ऊब व थंडावा यांत स्वतः बदल करते, तेथे दोन आकड्यांत निदान तीन-चार अंशांचे अंतर ठेवावे. अन्यथा मोसम बदलताना ती कधी ऊब, कधी थंडावा असे हेलकावे घेत दिवस घालविते आणि दोन्हींचे बिल लावते.

मांडणी अचूक असूनही ऊब अपुरी पडत असल्यास तंत्रज्ञास दूरध्वनी करण्यापूर्वी आतील युनिटची जाळी उघडून पाहावी. धुळीने भरलेल्या जाळीतून ना उष्णता येते ना गारवा. हंगामात ती दर पंधरवड्यास पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. यंत्रास स्वतंत्र, १६ अँपिअरचा सॉकेट असावा. एकाच फळीवर गीझर आणि एसी लावण्याची सवय ज्या भाड्याच्या घरांत आढळते, तेथे घरमालकाशी आधी बोलणे श्रेयस्कर. यंत्र ताजी हवा आत आणत नाही, म्हणून झोपताना खिडकीची बारीक फट उघडी ठेवावी.

होळीच्या सुमारास उत्तरेकडील हवा पालटते. तेव्हा जाळी धुवावी, झोताच्या पट्ट्या पुन्हा वर कराव्यात, आणि थंडीच्या दिवसांत पहाटे साडेपाचला खोली उबदार व्हावी म्हणून लावून ठेवलेला टायमर आठवणीने रद्द करावा. नाहीतर एप्रिलमधील एखाद्या पहाटे यंत्र इमानेइतबारे सूर्याच्या चिन्हावर सुरू होते.